पासष्टचे एकशेचाळीस

१२ जानेवारी

चिंगे,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे बाजूला ठेवशील, हे धरूनच लिहितेय. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस एवढं कळतं, पुढे काही नाही. पत्र वाचलंस की नाही हे मला कळणारच नाही, त्यामुळे वाचलंस असं समजायला मी मोकळी.

विशेष काही नाही. मी पुन्हा कामाला जायला लागलेय. तात्पुरतं. पतसंस्थेत माझ्या जागेवर आलेली मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि अध्यक्षांचा फोन आला, "ताई, तेवढे महिने कर्जाच्या अर्जांची छाननी बघाल का? तुमच्यासारखी नजर इथे कुणाला नाही." स्तुती केली की मी लोण्यासारखी विरघळते, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. माझ्या खिडकीजवळच्या टेबलावर आता झेरॉक्सचं मशीन बसलंय. मला पाण्याच्या पिंपाशेजारी जागा दिलीय. येणारा-जाणारा पाणी पितो आणि माझ्या फायलींवर शिंतोडे उडवतो.

पहिल्याच आठवड्यात एक गमतीचा अर्ज आला. तुझ्या वर्गातला ठेका आठवतो ना? आपल्या जेवणाच्या टेबलावर बोटं बडवून बडवून ज्याने बाबांचं डोकं उठवलं होतं, तो. आता त्याचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे, लग्न झालंय, एक मुलगी आहे. त्याला ते बंद पडलेलं टायरचं गोडाऊन भाड्याने घेऊन तिथे गाण्या-बजावण्याचे कार्यक्रम करायचेत. त्यासाठी कर्ज हवंय. अध्यक्ष म्हणाले, "गाणं ऐकायला लोकांच्या खिशात मोबाइल आहे, गोडाऊन कशाला लागतं? तरी बघा. फायद्यात जाईल का बुडेल, एवढंच मला सांगा."

फाइल घेऊन ठेका माझ्यापुढे बसला तेव्हा मला बघून त्याचा चेहरा उतरला. का ते कळलं नाही.

तब्येतीला जप.

आई


१९ जानेवारी

चिंगे,

मागच्या पत्रात मी लिहिलं की का ते कळलं नाही. कळलं होतं.

अर्ज ठेक्याच्या नावाने आहे, पण तो ठेक्याने लिहिलेला नाही. ठेका दोन ओळींत तीन चुका करतो. इथे कार्यक्रमांचा खर्च, दिवसाचं भाडं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना काय लावायचं, सगळं कसं मुद्देसूद. आणि 'सभागृह' हा शब्द कुठेच नाही. जिथे तिथे 'ऐकायची जागा'. दौऱ्यांवरून आलीस की तू बाबांना सांगायचीस, "माणसं गाणं बघायला येतात हो बाबा, ऐकायला जागाच नाही कुठे." पडद्याआड बसून दुसऱ्यांच्या गाण्याचा आवाज जुळवून जुळवून तू कंटाळली होतीस, ते मला दिसत होतं.

तेव्हाच उठून अध्यक्षांना सांगायला हवं होतं की यात माझी मुलगी आहे, ही फाइल दुसऱ्या कुणाकडे द्या. नियमच आहे तसा. मी स्वतः कितीतरी जणांना तो ऐकवलाय. नाही सांगितलं. म्हटलं, नाव ठेक्याचं आहे, मला काय माहीत.

काल त्याच्याबरोबर गोडाऊन बघून आले. आत अजून रबराचा वास आहे. भिंतींवर टायर टेकवून ठेवल्याचे काळे गोल. छत पत्र्याचं, उंच. ठेक्याने मधोमध उभं राहून टाळी वाजवली. टाळी वर गेली, पत्र्याला लागली आणि चुरा होऊन खाली आली. तो म्हणाला, "काकू, हे सगळं बसवता येतं. चिंगीने..." आणि जीभ चावली.

मी म्हटलं, "बोल ना. ताकाला येऊन भांडं कशाला लपवायचं?"

"तिने शपथ घातलीय काकू. तुम्हाला कळता कामा नये."

"मला काही कळलेलं नाही," मी म्हटलं. "मागचा दरवाजा उघडतो का ते दाखव."

तर असं. तुला परत यायचंय. या गावात. घरी नाही, पण गावात. गोडाऊनच्या मागच्या ओट्यावर मी जरा वेळ बसले. ठेक्याला वाटलं, पाय दुखताहेत.

आई


२ फेब्रुवारी

चिंगे,

कागदावर कार्यक्रम सगळ्यांचे चालतात. म्हणून मी ऐकायला गेले. ऐकायला म्हणजे माणसं मोजायला. शाळेच्या हॉलमध्ये एक सतारीचा कार्यक्रम होता. शेजारच्या गावात एक चहाकॉफीवाला दर शुक्रवारी पोरांना गायला बसवतो, तिथेही दोनदा गेले. तिथले वेटर मला आता ओळखतात. एक जण म्हणाला, "आजी, तुमचा नातू गातो का?" म्हटलं, नाही रे बाबा, मी बॅटरीवर चालते, गाणं ऐकलं की चार्ज होते.

आकडे काही बरे नाहीत. सतारीला एकाहत्तर माणसं होती. त्यातले वीस-एक जण पासावर. उरलेल्यांत निम्मे वाजवणाऱ्याचे नातेवाईक, जे दुसऱ्या कुणाच्या कार्यक्रमाला फिरकणार नाहीत. कॉफीवाल्याकडे माणसं असतात, पण ती गाण्यासाठी तिकीट काढत नाहीत, कॉफी मागवतात. त्याला विचारलं, "गाण्यातून किती सुटतं?" तो हसला. "गाण्यातून काही सुटत नाही मावशी. गाणं असलं की माणसं बसून राहतात, एवढंच."

तुझ्या अर्जात दर कार्यक्रमाला पासष्ट माणसं धरलीयत. ठेक्याच्या अर्जात म्हणू हवं तर. मला पन्नासच्या वर दिसत नाहीत. आणि पासष्ट आली तरी आमच्या नियमात ते बसत नाही. हप्ता भरून वर काही शिल्लक राहिली पाहिजे, तर आम्ही कर्ज देतो. तू दिवसाच्या भाड्याचे आकडे दिलेयत, सरावाला खोली, पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारे, मुलांचे वर्ग. पण असल्या वेळी-अवेळी येणाऱ्या गिऱ्हाइकांवर समिती विश्वास ठेवत नाही.

म्हणजे उत्तर 'नाही' असं येतं.

मला ते लिहिता येईना. दोनदा कागद घेतला. तुला माझ्याकडून 'नाही' ऐकायची सवय आहे, पण या वेळी माझं 'नाही' म्हणजे तू परत न येणं. बघते काय करता येतं ते.

आई


११ फेब्रुवारी

चिंगे,

मंजूर झालं!

समितीने फार प्रश्न विचारले नाहीत. माझी सही असली की विचारत नाहीत. अध्यक्ष म्हणाले, "ताई हो म्हणताहेत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." ठेका बाहेर बाकावर बसला होता, त्याने माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

मी जरा उदार हाताने मोजलं, एवढंच. नवीन धंद्याला सुरुवातीला थोडी मोकळीक द्यावी लागते. जागा मोठी धरली, म्हणजे खुर्च्या वाढल्या, तसं कर्जही थोडं वाढलं. पण चांगलंच झालं ना? कामं अर्धवट करण्यापेक्षा एकदाच नीट केलेली बरी. वातानुकूलन, दुसरा दरवाजा, सगळं त्यात बसेल.

आज मी बऱ्याच दिवसांनी तुझी खोली झाडून काढली. तू तिथे राहायला येशील असं मी म्हणत नाहीये. धूळ झाली होती, म्हणून काढली.

आई


२० फेब्रुवारी

चिंगे,

आज दुपारी ठेक्याची बायको घरी आली होती. तू तिला भेटलेली नाहीस बहुतेक. शाळेत गणित शिकवते. शांत आहे, पण समोरच्याकडे अशी बघते की आपलं उत्तर चुकलंय असं आपल्यालाच वाटावं. मुलीला बरोबर आणलं होतं. ती पोरगी सोफ्यावर झोपून गेली.

मी चहा केला. तिने कपाला हात लावला नाही.

"काकू, उद्या दुकानाचे कागद तारण द्यायचेत. त्यावर माझीही सही लागते. दुकान आम्हा दोघांच्या नावावर आहे."

मी म्हटलं, हो, पद्धत असते तशी.

"आधी हे म्हणाले होते, फक्त आवाजाची मशिनं तारण राहतील. मग कर्ज वाढलं, म्हणून दुकान द्यावं लागतंय. मला संगीतातलं काही कळत नाही. आकडे कळतात, पण त्यांनी फाइल मला दाखवली नाही. म्हणतात, काकूंनी बघितलंय, आता तू काय बघणार?" मग ती थांबली. "मला एकच सांगा. तुमचे पैसे असते, तर तुम्ही घातले असते?"

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ती गाडी पुरती लागेपर्यंत मी खिडकीकडे बघत राहिले.

"घातले असते," मी म्हटलं.

तिने मान डोलावली. मग चहा प्यायली. गार झाला होता, तरी सगळा प्यायली. जाताना वाकून माझ्या पाया पडायला लागली, मी धरलं तिला. झोपलेल्या पोरीला खांद्यावर घेऊन जिना उतरून गेली.

तेव्हापासून मी इथे टेबलाशी बसलेय. जेवण केलं नाही. तुला हे का सांगतेय ते मला ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक आहे.

आई


२२ फेब्रुवारी

चिंगे,

हे पत्र तरी शेवटपर्यंत वाच. मग हवं तर फाडून टाक.

तुझ्या अर्जात दर कार्यक्रमाला पासष्ट माणसं होती. मी अहवालात एकशेचाळीस लिहिली. कुठून आणली? कुठूनही नाही. हप्ता भरून शिल्लक दाखवायला किती लागतील ते उलटं मोजत गेले आणि एकशेचाळीसवर थांबले. ऐंशी खुर्च्यांच्या जागेत एकशेचाळीस माणसं बसवता येत नाहीत, म्हणून खुर्च्या दोनशे केल्या. दोनशे माणसांना हवा लागते, दुसरा दरवाजा लागतो, म्हणून कर्ज दुप्पट झालं. दुप्पट कर्जाला मशिनांचं तारण पुरत नाही, म्हणून ठेक्याचं दुकान. आणि दिवसाच्या भाड्याची तुझी पानं मी सरळ काढून टाकली, कारण संध्याकाळचे आकडे फुगवल्यावर ती कुणी वाचली असती तर त्याला विसंगती दिसली असती.

करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणायची सोय नाही. जे झालं ते मी शुद्धीवर असताना, चष्मा लावून, एकेक आकडा घालून केलंय.

काल सकाळी मी पतसंस्थेत गेले. ठेका आणि त्याची बायको साडेअकराला सह्या करायला येणार होते. अध्यक्षांना म्हटलं, "अहवाल चुकीचा आहे, मागे घेतेय."

"चुकीचा म्हणजे? बेरीज चुकली?"

"बेरीज बरोबर आहे. माणसं खोटी आहेत. आणि यामागे माझी मुलगी आहे, हे मी लपवलं."

त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "ताई, माझ्या वडिलांपासून लोक इथे पैसे ठेवतात, ते तुमच्या सहीवर ठेवतात." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. माझ्याकडची फायलींच्या कपाटाची किल्ली मी त्यांच्या टेबलावर ठेवली. अर्ज नामंजूर झाला, सगळाच. अहवाल खोटा म्हटल्यावर त्यांना तुझे आकडेही बघायचे नव्हते.

ठेका आणि त्याची बायको जिन्यात भेटले. मी तिथेच सांगितलं. ठेका कठड्याला टेकला. "म्हणजे काही होणारच नव्हतं का काकू? की तुमच्यामुळे नाही झालं?" त्याची बायको मला म्हणाली, "काल मी स्पष्ट विचारलं होतं." बस, एवढंच.

तू परत यावीस म्हणून मी हे केलं. आता तुझी परत यायची वाटच मी बंद करून बसलेय. दोष तुझ्या गळ्यात घालत नाहीये. लिहिताना तसं दिसतंय, म्हणून खुलासा.

आई


३ मार्च

आई,

तुझी सगळी पत्रं आली त्या त्या दिवशी वाचली. उत्तर द्यायचं नव्हतं. ठेक्याचा फोन आला, तो तुझी बाजू घेऊन बोलायला लागला, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हणून लिहितेय.

पासष्ट हा आकडा मी हवेतून काढला नव्हता. तीन गावांत अशा जागांच्या दारात बसून तिकिटं फाडलीयत मी. तू तीन कार्यक्रम बघून पन्नास म्हणालीस, ते कदाचित बरोबर असेल. त्यावर आपण भांडलो असतो. मला चाललं असतं. पण तू ना पन्नास लिहिलेस, ना पासष्ट. आणि दिवसाच्या भाड्याची पानं तू काढून टाकलीस, त्यावरच तर सगळं उभं होतं! कार्यक्रमात मला कमवायचंच नव्हतं. तुला ती पानं समजली नाहीत तर विचारायचं होतंस. एक फोन. ठेक्याच्या फोनवरून केला असतास तरी मी उचलला असता. पण तुला विचारता येत नाही. तुला फक्त ठरवता येतं, आणि मग आम्हाला ते गोड करून सांगता येतं.

लहान कर्ज मागितलं होतं मी. भीक नको पण कुत्रा आवर, अशी वेळ आणलीस माझ्यावर.

तू 'नाही' म्हणतेस तेव्हा मला तुझा राग येतो. तू खोटं 'हो' म्हणतेस तेव्हा मला भीती वाटते. बाबांच्या वेळी सात आठवडे तू मला रोज फोनवर सांगत होतीस, बरे आहेत, नुसता अशक्तपणा आहे, दौरा पुरा करून ये. मी परदेशातल्या कुठल्यातरी थिएटरात दुसऱ्यांचे माइक तपासत होते आणि इथे तू माझ्या बापाचं मरण माझ्यापासून सांभाळून ठेवत होतीस.

एकच विचारते. सांत्वन करू नकोस. बाबा मला शोधत होते का?

चिंगी


९ मार्च

चिंगे,

हो. रोज.

सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न तोच. मी सांगायचे, निघालीय, पोचेल. संध्याकाळी तुझा फोन आला की तुला सांगायचे, झोपलेत, बरे आहेत. फोन घेऊन मी बाहेर नर्सच्या खोलीपाशी जायचे, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. मला वाटलं, विसरले. चमच्याने पाणी देत होते, तर म्हणाले, "तिला कळवलंच नाहीस ना तू." रागाने नाही. दुकानात एखादी वस्तू संपलीय म्हणून सांगतात तसं. मी पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि म्हटलं, "येतेय हो, वाटेत आहे." तोंडावर. त्यांना माहीत आहे हे माहीत असताना.

लोकांना मी सांगते, तिचा पहिला मोठा दौरा होता, पोरीचं नुकसान नको म्हणून कळवलं नाही. हे इतक्यांदा सांगितलंय की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. तसं नव्हतं. तुला बोलावलं असतं तर ते जाणार, हे मला माझ्या तोंडाने म्हणावं लागलं असतं. तेवढं माझ्याने झालं नाही. त्याची किंमत मी तुम्हा दोघांना भरायला लावली.

तू सांत्वन करू नकोस म्हणालीस. केलेलं नाही.

तुझी मूळ पानं मी फाडली नव्हती. आज ठेक्याच्या दुकानात नेऊन दिली. त्याने ती घेतली.

आई


९ ऑक्टोबर

चिंगे,

एकाच गावात राहून पत्र लिहितेय याचं तुला हसू येईल. पण काल तू विचारलंस आणि मला तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून लिहूनच देते.

एप्रिलमध्ये तू समितीपुढे उभी राहिलीस, ते मला ठेक्याच्या बायकोकडून कळलं. तुझीच पानं, तुझेच पासष्ट, लहान कर्ज, तारण फक्त मशिनांचं. अध्यक्षांनी तुला तासभर उलटंसुलटं विचारलं म्हणे, आणि शेवटी म्हणाले, "तुमच्या आईने हेच पुढे ठेवलं असतं तर?" तू काय उत्तर दिलंस ते तिने मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. तुझ्या पहिल्या कार्यक्रमाला मी आले नव्हते. गोडाऊनच्या समोरच्या औषधाच्या दुकानापर्यंत आले होते. खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि परत गेले.

आणि काल तू दारात. दोन वर्षांनी. चप्पल काढलीस, पण बसली नाहीस. वह्या, पावत्या, सगळं टेबलावर ठेवलंस आणि म्हणालीस, "पाच महिने झाले. तुला बघता येतं म्हणून आणलंय, दुसरं काही नाही. खरं सांग. फायद्यात आहे का? की बंद करू?" डोळ्यांखाली काळं झालंय तुझ्या. मी पाणी दिलं, ते घेतलंस. फ्रिजकडे बघितलंस, पण उघडला नाहीस. घरात पाहुण्यासारखी उभी होतीस आणि मला तसं उभं राहू द्यावं लागलं.

रात्रभर नाही, आज सकाळी बसले. डोकं ताजं असताना. तर ऐक.

दर कार्यक्रमाला माणसं येतात सत्तेचाळीस. तुझे पासष्टही नाहीत, माझे पन्नासही नाहीत. शनिवारचे कार्यक्रम खर्चाला पुरतात. बुधवारचे प्रत्येक वेळी तुझ्या खिशातून जातात, एकदाही अपवाद नाही. दिवसाचं भाडं, जे मी काढून टाकलं होतं, त्याच्यावर जागेचं भाडं, वीज आणि कर्जाचा हप्ता, तिन्ही भागतात. म्हणजे ती पानं तेव्हा समितीपुढे असती तर हे सगळं फेब्रुवारीतच सुरू झालं असतं. हे तू मला म्हणाली नाहीस. मीच म्हणतेय.

वह्यांत शेवटी थोडी शिल्लक दिसते. ती खरी नाही. तू तुझा पगार कुठेच धरलेला नाहीस. दुसऱ्या कुणाला त्या कामावर ठेवलं असतंस तर जे द्यावं लागलं असतं, ते मी धरलं. ते धरलं की तोटा. लहान नाही, चांगलाच. पुढच्या वर्षीही राहील, कारण पत्र्याखाली उन्हाळ्यात माणसं बसणार नाहीत आणि त्याचा खर्च तू अजून केलेला नाहीस. आवाजाचं मोठं मशीन बिघडलं तर त्या महिन्याचा हप्ता चुकेल.

तुझ्या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्याचं उत्तर: फायद्यात नाही.

दुसऱ्या अर्ध्यावर सकाळपासून अडलेय. आधी लिहिलं, चालू ठेव, मागे मी आहे. वाचून बघितलं, तर ते तू गावात राहावीस म्हणून लिहिलेलं होतं. ते खोडलं. मग लिहिलं, बंद कर, किती दमलीस, घरी ये. तेही त्यासाठीच होतं. तेही खोडलं. असं खोडत खोडत एक पान संपलं. शेवटी उरलं ते असं, की बंद करावं का चालू ठेवावं, ते मला माहीत नाही. तिथे बसून तू काय ऐकतेस ते मी एकदाही ऐकलेलं नाही. त्याची किंमत किती धरायची ते तुझं तू ठरव. जे ठरवशील त्यावर मी मत देणार नाही. देईन कदाचित, सवय आहे. तर ऐकू नकोस.

वह्या ठेक्याच्या बायकोबरोबर पाठवतेय. तिच्याकडून एकदा तपासून घे, माझ्यापेक्षा तिची नजर कडक आहे, आणि तिने मला तोंडावर सांगितलंय की ती माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवत नाही.

जुलैच्या पानावर 'वाचनवाले' म्हणून एक रक्कम तीनदा आलीय. एकच गिऱ्हाईक तीनदा आलं, की एकाचेच पैसे तीनदा लिहिले गेले, ते मला कळलं नाही. मी अंदाजाने काही धरलेलं नाही, तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलंय.

ते काय आहे, मला सांगशील का?

आई